नामदेवरावांनी लाडू खाल्ला नाही

अन्याय झाला तो नामदेवराव कळंबे यांच्यावर. पांढुर्ण्यात, शाळेसमोरच्या मांडवात, छप्पन सालच्या भाऊबीजेला, दिवे लागायच्या वेळेस. उपोषणाच्या पाचव्या दिवशी हा माणूस उठता उठता कलंडला आणि जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कोणी शिट्टीही मारली. त्यांना उचलायला सगळ्यांच्या आधी कोण धावलं? त्यांची थोरली बहीण. साठी उलटलेली, गुडघ्यांनी अधू बाई. बाकी सगळे धडधाकट लोक पुढचा विनोद काय होतो ते बघत उभे होते.

ही माणसं दुष्ट नव्हती. मी त्यांना ओळखते, त्यातल्या कित्येकांच्या घरी जेवले आहे. जाडा माणूस पडला की हसायचं असतं, हे त्यांना शिकवलेलं होतं. शिकवणारा तिथून हाकेच्या अंतरावर, कनातीच्या आत, इंजिनाच्या भकभकाटात रोज दोन खेळ करत होता.

मी सौंसरची, मास्तरांची मुलगी. कॉलेजला नागपूरला. आमचा भाग मराठी राज्यात जावा म्हणून आमची मराठी समिती झटत होती; सुट्टीत आले की तिची पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे. नामदेवराव समितीतलेच, म्हणून ओळख. माझं पहिलं पत्रक त्यांनी दुकानाच्या पायरीवर उभ्याउभ्या वाचलं आणि परत दिलं.

"पोरी, यात उद्गारचिन्हं लय हायेत. बजारात जो जास्त वरडते ना, त्याचा माल लोकं आधी हुंगून पाह्यतेत."

मला राग आला. दुसऱ्या पत्रकात मी उद्गारचिन्हं कमी केली, तीही रागारागानेच.

त्यांचं कापडाचं दुकान पांढुर्ण्याच्या बाजाराच्या तोंडाशी होतं. दुकानात पांढरी गादी, लोड, सगळा थाट. पण त्या गादीवर मालक बसलेला मी कधी पाहिला नाही. गिऱ्हाईक बसायचं, मालक उभा. थान काढ, उलगड, गजानं माप, रंग नीट दिसत नाही म्हणून लुगडं घेऊन थेट रस्त्यावर उन्हात जा, परत ये. चहा आला की अर्धा प्यायचा आणि कप थानांच्या मध्येच कुठंतरी ठेवून विसरायचा. संध्याकाळी नोकर ते अर्धे कप हुडकत फिरायचा. बोलतानाही एका जागी थांबणं नाही. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे त्यांच्या बरोबर चालायचं, आणि मी विशीतली पोर मागे पडायचे. जाडा माणूस सुस्त असतो असं तुम्हाला वाटतं ना? कुठे पाहिलं तुम्ही ते? आठवा. मी सांगते कुठे पाहिलं.

आणखी एक. जाडा माणूस हसरा असतो म्हणतात. नामदेवराव हसरे नव्हते. चिडके होते, उतावळे होते, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नसत. स्वतःच्या अंगावर विनोद करून लोकांना मोकळं करायची जी रीत असते, ती त्यांनी कधी पाळली नाही. टांगेवाला म्हणायचा, "भाऊ, घोडं म्हातारं हाय जी."

"मंग मी पैदल जातो. तू घोड्याले खांद्यावर घेऊन मांगून ये."

आणि खरंच पायी जायचे. रामाकोन्याची सभा आटोपून एकदा सौंसरपर्यंत चालत आले आणि आमच्या ओसरीवर पाणी मागितलं. माझी आई त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाली, "खात्यापित्या घरचं शरीर आहे तुमचं, भाऊजी."

"नाही, वहिनी. मी जाडा हावो. जाडा म्हना. धिप्पाड नको, भारदस्त नको, खात्यापित्या घरचा तर बिलकुलच नको. माह्या घरी सगळे काटकुळे हायेत, अन् माह्यापेक्षा जास्त खातेत."

ते कमी खात असत, पण म्हणून ते चांगले होते असं मला म्हणायचं नाही. दोन भाकरी जास्त खाल्ल्या असत्या तरी माणूस तोच राहिला असता. दुसऱ्याच्या ताटावर नजर ठेवायचा हक्क तुम्हाला कोणी दिला, एवढंच मी विचारते. त्यांचं त्यावर एक ठरलेलं वाक्य होतं. कोणी तब्येतीवर घसरलं की म्हणायचे, "अंग माह्यं हाय अन् मत बी माह्यंच हाय. अंगाबद्दल बोलाचं असन त वैद्याले पाठव. मताबद्दल बोलाचं असन त बस."

आता त्या कनातीची गोष्ट.

संत्र्याचा बहार बाजारात आला, शेतकऱ्याचा हात जरा मोकळा झाला, की पांढुर्ण्यात फिरता सिनेमा यायचा. पुरुष एका अंगाला, बाया दोरीच्या पलीकडे, सगळे जमिनीवर, घरून आणलेल्या सतरंज्यांवर. नामदेवरावांना सिनेमाचा नाद होता. पहिल्या दिवसाचा पहिला खेळ चुकवायचे नाहीत. दोन तास एका जागी बसलेलं मी त्यांना तिथंच पाहिलं, आणि तेही मांडी सतत बदलत.

एका वर्षीच्या खेळात एक जाडा मुनीम होता. त्यानं काय केलं? जाड्या माणसानं पडद्यावर करायचं ते सगळं केलं. बाजेवर बसला, बाज मोडली. दारात अडकला. चोर आला तर पलंगाखाली घुसला आणि पलंग घेऊनच उठला. तो पडला की वाजंत्रीतला एक भोंगा भों करायचा. अख्खी कनात हसत होती. आणि हसता हसता लोकांच्या माना पडद्यावरून वळून नामदेवरावांकडे गेल्या. बायांच्या बाजूनंसुद्धा. मुनीम पडला की लोक आधी पडद्याकडे बघायचे, मग त्यांच्याकडे, आणि दुसऱ्यांदा जास्त हसायचे. एका पैशात दोन मुनीम.

ते उठून गेले नाहीत. खेळ संपल्यावर सरळ सिनेमावाल्याकडे गेले. तो इटारसीकडचा, हिंदी बोलणारा, भला माणूस. आम्ही बाया कनातीच्या दाराशी खोळंबलो होतो, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"मालक, तुमच्याजवळ असा एखादा खेळ हाय का, ज्यात जाडा माणूस मरते अन् लोकं रडतेत?"

सिनेमावाल्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "मरता तो है, सेठजी. कुएँ में गिर के."

"अन् लोकं?"

"हँसते हैं, सेठजी."

"बरं. जाड्याचं लग्न लागते असा हाय? जाडा आजारी पोराच्या उशाशी बसते असा? जाडा खरं बोलते असा?"

"सेठजी, ऐसा खेल बनता ही नहीं. चलेगा कैसे?"

त्यानंतर दरसाल सिनेमा आला की नामदेवराव हा प्रश्न घेऊन जायचे. सिनेमावाल्यालाही सवय झाली; दिसले की लांबूनच मान हलवायचा. गावात मात्र त्यांचं नाव पडलं, गठ्ठाशेट. कापडाच्या गठ्ठ्यावरून. पोट्टे दुकानासमोरून जाताना तोंडानं भों करायचे.

मला नेहमी पत्र लिहिणारे पुण्याचे एक वाचक यावर म्हणतील की एवढं काय, गंमत आहे. ठीक. मग गंमत कुठवर गेली ते ऐका.

राज्यांच्या पुनर्रचनेची माहिती घ्यायला मोठे साहेब नागपूरला आले. आमच्या भागातलं शिष्टमंडळ जायचं ठरलं. बोरगावपासून रामाकोन्यापर्यंत गावोगाव हिंडून, मराठी घरं किती, शाळा किती, कोर्टात लोक काय बोलतात, हे सगळं तोंडपाठ असलेला माणूस एकच होता. समितीचे सेक्रेटरी म्हणजे आमचे वकीलसाहेब. काटकुळे, खादी, गालाची हाडं वर आलेली. पाहिलं की वाटावं, यांनी देशासाठी फार सोसलं. सोसलं असेलही. त्यांनी नामदेवरावांना बाजूला घेतलं.

"नामदेवभाऊ, तुम्ही असं करा, मागच्या रांगेत बसा. काय हाय, आपण म्हणून राहिलो की आमच्या भागावर अन्याय झाला. अन् समोर तुम्ही उभे. साहेबाच्या डोळ्याले ते जुळत नाही."

"साहेबाले कान नाहीत का?"

"फोटोही निघन."

नामदेवराव मागच्या रांगेत बसले नाहीत. गाडीतच बसले नाहीत. शिष्टमंडळ नागपूरला गेलं, आणि ज्या प्रश्नांची उत्तरं त्यांनाच येत होती ते प्रश्न आले तेव्हा वकीलसाहेब म्हणे नकाशाकडे बघत राहिले. आमचा भाग मध्य प्रदेशात राहिला. तो यामुळे राहिला असं मी म्हणत नाही. दिल्लीत काय शिजलं मला ठाऊक नाही. पण आमच्याकडे जे होतं ते आम्ही आमच्याच हातानं मागं बसवलं, हे मला ठाऊक आहे.

मग बातमी आली की पांढुर्ण्याच्या शाळेतले मुलींचे वरचे मराठी वर्ग बंद होणार. मुलींनी हिंदीतून शिकावं, नाहीतर घरी बसावं. घरीच बसल्या असत्या. आमच्याकडे मुलीला घरी बसवायला बापाला निमित्तच लागतं. समितीची बैठक झाली, ठराव झाला, चहा झाला. नामदेवराव फेऱ्या मारत होते. मधेच थांबून म्हणाले, "मी उपोषनाले बसतो. धनतेरशीपासून."

"दिवाळीत?" सगळेच ओरडले.

"दिवाळीतच. घरोघरी कढई चढली असतानी जो खात नाही, तो लोकायले दिसते. बाकीच्या दिवसात कोन खाते कोन नाही, कोनाले पडलं हाय?"

चूक होती ती. मी आजही म्हणते, चूक होती. पण ती अशा माणसाची चूक होती, ज्याला वाटत होतं की लोक त्याच्याकडे आपण इतरांकडे बघतो तसंच बघतात.

पहिल्याच दिवशी वकीलसाहेबांनी मांडवात दोन स्वयंसेवकांचा पहारा ठेवला. विरोधकांवर नव्हे. नामदेवरावांवर. "लोकांनी बोट दाखवू नये म्हणून," म्हणाले. याआधी आमच्याच समितीचे दोघे उपोषणाला बसले होते, तेव्हा पहारा नव्हता. ते बारीक होते.

आणि त्याच आठवड्यात सिनेमावाला आला. या खेळात जाडा महाराज होता. तो देवळात उपास धरून बसतो, भक्त पाया पडतात, आणि पाठ फिरली की महाराज आसनाखालून लाडू काढून गट्ट करतो. पुन्हा डोळे मिटून बसतो, गाल फुगलेले. लोक खेळ पाहून निघायचे ते थेट आमच्या मांडवात यायचे. दुसरा खेळच होता म्हणा तो.

"आसन उचला ना जी, भाऊ!"

"मोतीचुराचा हाय का बेसनाचा?"

"याले काय होते बे? दोन महिन्याचा साठा हाय आंगावर."

नामदेवरावांना बसून राहण्याचाच जास्त त्रास होत होता, भुकेपेक्षा. मला म्हणाले, "पोरी, न खानं सोपं हाय. हे बसनं मारून राह्यलं मले." तरी दोनदा उठून त्यांनी स्वतः आसन झटकून दाखवलं. लोक त्यावरही हसले. सिनेमातला महाराजही झटकून दाखवतो.

उपोषण सुरू झालं तेव्हा आमची राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवशी नवी राज्यं झाली आणि ती भोपाळ झाली. मांडवात त्यावर कोणी बोललंसुद्धा नाही, लाडूचीच चर्चा.

चौथ्या दिवशी लाडू सापडला. मांडवाच्या मागच्या पडद्याआड कागदाचा पुडा, त्यात अर्धा बेसनाचा लाडू आणि चिवड्याचा चुरा. गावभर झालं. पोरं तो पुडा काठीवर लावून मिरवत फिरली. मी त्या दिवशी सौंसरला पत्रकं आणायला गेले होते. परत आले तर मांडवासमोर जत्रा. पुडा कोणाचा होता? पहाऱ्यावरच्या स्वयंसेवकाचा. त्याच्या आईनं दिवाळीचं म्हणून बांधून दिलं होतं. त्यानं हे नंतर स्वतः मला सांगितलं. त्या दिवशी मात्र तो गर्दीत उभा राहून गप्प होता, कारण वकीलसाहेबांचा भाचा होता आणि मामा रागावतील अशी त्याला भीती वाटली. मामा रागावतील. बस्, एवढ्यासाठी.

नामदेवरावांनी फक्त विचारलं, "कोनी मले खाताना पाह्यलं का?" पोरांनी काठीवरचा पुडा आणखी उंच केला. पुरावा असताना साक्षीदार कोण मागतो?

पाचव्या दिवशी भाऊबीज. त्यांची अक्का काटोलहून संध्याकाळच्या गाडीनं आली, ताट घेऊन. निरांजन, सुपारी, आणि ताटाच्या कडेला एक करंजी, कारण ओवाळलेल्या भावाचं तोंड गोड करायची रीत आहे. तिला वाटलं होतं, भाऊ करंजी कपाळाला लावून परत ठेवील. तिला गर्दीचं काही माहीत नव्हतं. तिनं ओवाळलं, आणि सवयीनं करंजी त्याच्या तोंडापर्यंत नेली. मागून हुर्यो उठली.

"खा ना जी, लाजता काहून?"

"अक्का, लाडू नाही आनला का?"

नामदेवरावांनी तोंड फिरवलं. अक्काचा हात तसाच राहिला. मग ते गर्दीकडे बघून उठायला लागले, काहीतरी बोलायचं होतं त्यांना. अर्धे उठले आणि कलंडले.

आणि त्या टाळ्या.

"अरे माहा भाऊ मरून राह्यला रे! हसता काय रे, गाढवाहो!" अक्का ओरडली. ताट उलटलं होतं. तरी एक जण म्हणाला, आणि मी त्याचा आवाज विसरणार नाही, "अक्काही मस्त काम करते बे."

डॉक्टर आले तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. म्हणाले, या माणसाच्या पोटात पाच दिवस पाण्याशिवाय काही गेलेलं नाही. हे त्यांनी माझ्यासमोर, अक्कासमोर आणि वकीलसाहेबांसमोर सांगितलं. दवाखान्यात सुईतून साखर चढवली आणि उपोषण नामदेवरावांना न विचारता सुटलं. मांडव मोकळा दिसू नये म्हणून वकीलसाहेब स्वतः बसले. दुसऱ्या दिवशी शिक्षणखात्याचे साहेब आले, वर्ग चालू राहतील असं म्हणाले, एका मुलीच्या हातून वकीलसाहेबांनी संत्र्याचा रस घेतला. त्याचा फोटो निघाला. डोळ्याला जुळणारा.

नामदेवराव शुद्धीवर आले तेव्हा मी तिथे होते. वर्ग राहिले हे अक्कानं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग मला म्हणाले, "एक पत्रक काढ. लहान. उद्गारचिन्ह नको. नामदेवरावनं लाडू खाल्ला नाही, इतकंच."

मी त्याच दिवशी लिहिलं. वकीलसाहेबांनी वाचून त्याची घडी केली आणि ते खिशात ठेवलं.

"वर्ग राह्यले ना? मंग? हे काढलं त लोकं आणखी हसतीन. चळवळीचं हसू होईन."

"त्यांचं झालंच आहे."

"एका मानसाचं होऊ दे."

ते पत्रक निघालं नाही. नामदेवरावांनी दोनदा निरोप पाठवला, तिसऱ्यांदा पाठवला नाही. आज माझा हात धरायला वकीलसाहेब इथे नाहीत, म्हणून छापते. नामदेवराव कळंबे यांनी उपोषणात लाडू खाल्ला नाही. काहीच खाल्लं नाही. ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्या मुली आज त्या वर्गांत मराठीतून शिकत आहेत.

बरे झाल्यावर त्यांनी दुकान आवरायला घेतलं. काटोलला अक्काकडे जाणार होते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवसांत, कनातीत. नवा खेळ, नवा जाडा, या वेळी हवालदार. तो चोरामागे पळत होता, धापा टाकत होता, आणि चिखलात पडायच्या बेतात होता. लोकांच्या माना वळू लागल्या होत्या. तेव्हा नामदेवराव उठले.

उठले आणि उभे राहिले. दिव्याचा झोत त्यांच्या पाठीवर पडला आणि समोरचा पडदा काळा झाला. एवढा मोठा पडदा, त्यावर एकाच माणसाची सावली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. हवालदार पडला असणार, भोंगा वाजला, पण दिसलं कोणालाच नाही. "खाली बसा!" "अरे गठ्ठा हटा!" कोणी सतरंजी ओढली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, बोलले नाहीत. नेहमी पाय हलवणारा, हात चाळवणारा तो माणूस पहिल्यांदाच स्थिर उभा होता. हळूहळू ओरडा थांबला. मग नुसतं इंजिन ऐकू येत होतं आणि आम्ही सगळे ती सावली बघत बसलो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

आता तुम्ही. हे वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल तर ते वाईट वाटणं तुमच्याजवळ ठेवा, मला ते नको. या आठवड्यात तुम्ही तुमच्या गावच्या थेटरात जाल. पडद्यावर जाडा येईल. अजून त्यानं काही केलेलं नसेल, नुसता दारातून आत आला असेल, आणि हशा सुरू होईल. शेजारचे ओढतील, मागचे शिव्या देतील. तरी त्या क्षणी उठा. दिव्याच्या झोताच्या आड उभे राहा. आणि हशा बंद होईपर्यंत बसू नका.